वकीलपत्र देण्यापूर्वी

घरातील एखादे माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावरून परत येत नाही, किंवा आले तरी पूर्वीचे राहत नाही, तेव्हा शोकाचा पहिला उमाळा ओसरण्याच्या आतच कोणीतरी आप्त कानाशी लागून म्हणतो, "चांगला वकील गाठा, त्या डॉक्टरला सोडू नका." या सल्ल्यात माया असते, संताप असतो, आणि सांत्वनाला शब्द सुचत नाहीत ही अडचणही असते, मात्र दुःख कितीही मोठे असले तरी न्यायासनापुढे त्याची दाद लागत नाही, तेथे हयगय शाबीत करावी लागते, याचे भान त्या घटकेला कोणालाच नसते.

या विषयाचा आपल्याकडील पाया ज्या खटल्याने घातला, तो मराठी मुलखातलाच. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. टॅक्सीने अकरा तासांचा प्रवास करून त्यास पुण्यास आणले, आणि रुग्णालयात दाखल केले त्याच रात्री तो मरण पावला. वडील स्वतः दौंडचे डॉक्टर. तरीही जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने वकीलवर्गात प्रसिद्ध असलेला तो दावा सर्वोच्च न्यायालयात निकाली निघण्यास १९६८ साल उजाडले, आणि पदरी पडलेली नुकसानभरपाई होती ३,००० रुपये! पित्यास वैद्यक ठाऊक होते. परंतु भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या भरवशावर, वाजवीपेक्षा अधिक बळाने पाय ओढला गेला काय, अशा एका शाबीत होण्याजोग्या मुद्द्यावर त्याचा आक्रोश आणून ठेवणे हे कसब वेगळेच, आणि अशील वकिलापाशी जातो तो त्या कसबासाठी.

पुढे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वाट रुंद केली, आणि मोबदला घेऊन केलेले वैद्यकीय उपचार त्या कायद्याच्या कक्षेत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. ग्राहक आयोगापुढे तक्रारदारास स्वतः उभे राहता येते, वकीलपत्राची सक्ती नाही. (मौज अशी, की २०२४ साली त्याच न्यायालयाने वकिलांची सेवा मात्र या कायद्याबाहेर ठेवली, म्हणजे डॉक्टरला ज्या दारात उभे करावे, त्या दारात त्याला उभे करणाऱ्या वकिलाला उभे करता येत नाही.) तथापि एकट्याने जाण्याचे धाडस मी कोणास सुचविणार नाही, कारण प्रतिपक्षाची कैफियत वैद्यकाच्या परिभाषेत येते, आणि एका डॉक्टरविरुद्ध दुसरा डॉक्टर साक्षीस मिळणे महाकठीण.

एका स्नेह्यांसमवेत असे दावे चालविणाऱ्या एका वयोवृद्ध वकिलांच्या कचेरीत बसण्याचा योग मला आला. स्नेही कहाणी सांगत होते. वकीलसाहेब ऐकत होते, पण हात फाईलमध्ये होता. बिले त्यांनी एका बाजूस सारली, संमतिपत्र दुसऱ्या. आणि परिचारिकांच्या नोंदींचे चुरगळलेले कागद चष्म्याशी धरून रक्तदाबाच्या आकड्यांवरून पेन्सिल फिरवीत ते एके ठिकाणी थांबले. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत एकही नोंद नव्हती. "या वेळात डॉक्टरांना कोणी कळवले होते का?" एवढेच त्यांनी विचारले. मग म्हणाले, "हे कागद मी आधी एका सर्जनकडून वाचून घेईन. त्यांना यात हयगय दिसली नाही, तर मी दावा लावणार नाही, आणि तुम्हीही लावू नये." स्नेही दुखावले. मला मात्र हाच वकील योग्य वाटला. कारण रोगी दगावला एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाही, हे तत्त्व २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे मांडले आहे, आणि ते अशिलाच्या तोंडावर सांगण्यास धैर्य लागते.

उलट पहिल्याच भेटीत भरपाईचा आकडा ऐकविणारा, किंवा "फी राहू द्या, मिळेल त्यात हिस्सा द्या" म्हणणारा वकील भेटला, तर मुकाट्याने जिना उतरावा. अमेरिकेत ही रीत सर्रास असली, तरी निकालावर फी ठरविणे आपल्या बार कौन्सिलच्या नियमांस मान्य नाही.

ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे, आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत केसपेपर द्यावेत असा वैद्यक परिषदेचा नियम आहे. तेव्हा वकिलाचा जिना चढण्यापूर्वी रुग्णालयात लेखी अर्ज द्या, आणि त्याची पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नका.