चिकित्सेचा दुसरा पाद

आमच्या वाड्याच्या दर्शनी खोलींत वडीलबंधूंचा दवाखाना आहे. १९७६ सालीं लावलेली त्याची पाटी आजवर दोनदां रंगविली. तिसऱ्यांदां रंगविण्याची वेळ येईल तेव्हां तिच्यावर नातीचें नांव चढेल, असें घरांत सर्वांनीं न बोलतां ठरवून टाकलें होतें. दादांचा मुलगा बँकेंत गेला तेव्हां दादा कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवसापासून त्यांची नजर पुढच्या पिढीकडे लागली. नात हुशार निघाली. २०२५ सालच्या 'नीट' परीक्षेंत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळण्याजोगे गुण तिला पडले. पेढे वांटून झाले. आणि चौथ्या दिवशीं, रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर तिनें सांगितलें कीं, आपल्याला एम्.बी.बी.एस्. करावयाचें नाहीं, बायोमेडिकल सायन्स, म्हणजे शरीराचें व रोगांचें प्रयोगशाळेंतील शास्त्र, शिकावयाचें आहे.

घरांत सुतक पडल्यासारखें झालें. दादा उठून दवाखान्यांत जाऊन बसले. वहिनींनीं देव पाण्यांत ठेवले. हजारों मुलें हाताखालून गेलेला मास्तर म्हणून तिची समजूत घालण्याची कामगिरी अर्थातच मजवर आली.

मी पडलों जुन्या अकरावीचा मॅट्रिक आणि संस्कृताचा शिक्षक. तेव्हां शस्त्र मीं माझ्याच भात्यांतून काढलें. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. चौघांत वैद्य प्रधान. प्रधानपद आपण होऊन दारीं चालून आलें असतां तें सोडून कोणी जातें काय, असें मीं तिला विचारलें. पोरीनें क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "भाऊआजोबा, दुसरा पाद औषधाचा ना? मग तें कोण शोधून काढतें?"

मला उत्तर सुचेना. मग तिनेंच एक जुनी गोष्ट काढली. २०१९ सालच्या पावसाळ्यांत माझ्या पत्नीला रुग्णालयांत ठेवावें लागलें होतें. तीन दिवस ताप हटेना. औषध लागू पडेना. रक्त तपासावयास पाठविलें होतें. त्यांतील जंतु प्रयोगशाळेंत वाढवून त्यांच्यावर कोणतें औषध चालतें हें पाहावें लागतें, आणि जंतु कांहीं आपल्या घाईनें वाढत नाहींत. चौथ्या दिवशीं तो कागद आणावयास मी गेलों, तेव्हां बारा वर्षांची ही माझ्याबरोबर होती. वर जंतूचें नांव, खालीं औषधांची यादी, आणि बहुतेकांपुढें तीं निरुपयोगी असल्याची खूण. डॉक्टरांनीं औषध बदललें. दोन दिवसांनीं ताप उतरला. येतांना वाटेंत हिनें विचारलें होतें, "हें कोणीं शोधून काढलें?" मीं म्हटलें, "डॉक्टरांनीं." जन्मभर मुलांना 'आधीं विचार करा, मग उत्तर द्या' असें बजावीत आलेल्या माणसाचें तें उत्तर! मीं तें त्याच दिवशीं विसरलों. ती सहा वर्षें घोळवीत होती.

त्यानंतर मीं थोडें वाचन केलें. प्लेगांत गांवाबाहेर झोपड्या घालून राहिल्याच्या हकीकती आमची आजी सांगे. मुंबईंत १८९६ सालीं तो आला तेव्हां त्यावर लस काढणारे वाल्डेमार हाफकिन यांचें नांव परळच्या संस्थेमुळें मला ठाऊक होतें. पण हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, ओडेसाला शिकलेले प्राणिशास्त्रज्ञ होते, हें मला सदुसष्टाव्या वर्षीं कळलें! ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या मदतीवर त्यांनीं लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती पहिल्यानें स्वतःला टोंचून घेतली. कमलाबाई सोहोनी तर आपल्यांतल्याच, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. १९३३ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेनें स्त्री म्हणून त्यांना नकार दिला. त्यांनीं हट्टानें प्रवेश मिळविला, १९३९ सालीं केंब्रिजची पीएच्.डी. घेतली आणि पुढें मुंबईंत नीरेंतील पोषक द्रव्यें तपासलीं.

तथापि एक गोष्ट वाचकांपासून लपवीत नाहीं. या पदवीनें रोग्याला औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाहीं. साडेचार वर्षें व वर्षभराची उमेदवारी झाली कीं एम्.बी.बी.एस्. झालेला पाटी लावूं शकतो. इकडे पदवीनंतर एम्.एस्सी., मग पीएच्.डी., अशीं दहाएक वर्षें सहज जातात. गुण कमी पडले म्हणून या वाटेनें येऊन पुढें मागील दारानें वैद्यकांत शिरूं, असें कोणी म्हणेल तर तसें दार आपल्याकडे नाहीं. पुन्हा 'नीट'च द्यावी लागते. हें सारें मीं नातीपुढें मांडलें. तिनें वहींतलें एक पान उघडून दाखविलें. तेंच सर्व तिनें आधींच लिहून ठेवलें होतें, शिष्यवृत्तीच्या आंकड्यांसकट.

दादांना मात्र मीं काय सांगणार? "हिच्यापुढें उद्यां कोणी तळमळत आला तर ही काय करील?" एवढेंच ते म्हणाले. त्या प्रश्नाला उत्तर माझ्याजवळ नव्हतें, आणि आजहि नाहीं.

दिवाळींत ती सुट्टीवर आली. सकाळीं दवाखान्यांत गर्दी असतांना दादांनीं तिला आंत हांक मारली. एका रोग्याचा तपासणीचा कागद पुढें करून नव्या पद्धतीची ती तपासणी कशी करतात, असें त्यांनीं विचारलें. ती रोग्यांच्या स्टुलावर बसून कागदाच्या पाठीवर आकृति काढूं लागली. दादांनीं चष्मा पुसून पुन्हां घातला. बाहेर बांकावर पांच-सहा माणसें खोळंबलीं होतीं. पाटी यंदाहि रंगविली नाहीं.