टोपण लावून काढलेला फोटो

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे मी गच्चीवरून फोटो काढले, तर सगळीकडे लाल-निळे ठिपके! मुलगी म्हणाली, "पप्पा, जुना कॅमेरा घेऊन फसलात." साठवलेले पैसे गेले म्हणून जीव हळहळला.

मग एक युक्ती कळली. तितकाच वेळ, तितक्याच थंडीत, लेन्सला टोपण लावून फोटो काढायचे. त्यांत तारे नसतात, कॅमेऱ्याचेच दोष उमटतात. संगणकावर ते मूळ फोटोतून वजा करायचे. मी कारकून माणूस. तेरीज जुळली नाही की आधी स्वतःची बेरीज तपासतो. इथेही तेच!

पुढे असे 16 फोटो जुळवून त्यांची सरासरी काढली. त्याने उरलीसुरली खरखर चौथाईवर येते. पडद्यावर धूसर गुलाबी ढग उमटला. मुलगी आता म्हणते, "पप्पा, उद्या टोपण मी लावणार."