आंबोलीच्या पावसातला अॅटलास

१२ जुलै
दुपारपासून पावसाने झोडपलं आहे. रात्री ओसरीच्या दिव्याजवळ भिंतीला अॅटलास पतंगाची मादी चिकटलेली दिसली. अंगाला हात न लावता शेजारी पट्टी धरली: या टोकापासून त्या टोकापर्यंत २२ सेंटिमीटर. रंग विटकरी, त्यावर पांढऱ्या-गुलाबी नागमोडी रेघा. चारही पंखांवर एकेक तिकोनी खिडकी आहे. तिथे खवलेच नसतात, त्यामुळे मागच्या चुन्याचे पोपडेसुद्धा आरपार दिसतात. पुढच्या पंखांची टोकं बाकदार, पिवळसर, वर काळा ठिपका. थेट नागाचं डोकं! शेजारच्या काकी दारातच थबकल्या. भक्षकही असेच बिचकत असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात.

मिशा बारीक, पोट जाडजूड, म्हणून मादी. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात. मादीचा गंध तो त्यांनीच हुडकतो.

१३ जुलै
सकाळी पोरं वाटीत साखरपाणी घेऊन हजर. त्यांना सांगितलं, हिला खाता येईल असं तोंडच नाही. सुरवंट असताना जे खाल्लं, त्याच्या चरबीवर फार तर आठवडा-दोन आठवडे निघतात. त्यातली एक रात्र दिव्यापाशी गेली, ही काही लहान गोष्ट नाही. आज ओसरीत अंधारच ठेवला आहे.

१४ जुलै
भिंत रिकामी.

१६ जुलै
लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेला अॅटलास हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत, दक्षिण चीन, मलेशिया, इंडोनेशियापर्यंत पसरला आहे. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला त्याचा भाऊबंद, टाप्रोबानिस, आता वेगळी जाती मानला जातो. दर पावसाळ्यात ‘जगातला सर्वांत मोठा पतंग’ म्हणून याच्या बातम्या येतात. न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियातला हर्क्युलिस त्याच्या तोडीचा आहे, दक्षिण अमेरिकेतल्या एका पतंगाचे पंख तर याहून लांब पसरतात. पहिल्या नंबराचा हा हट्ट मला पटत नाही. त्यापायी माणसं त्याला हातावर घेऊन फोटो काढतात आणि खवले बोटांना लागून येतात.

९ ऑगस्ट
काकींच्या परसात दालचिनीवर त्याचे सुरवंट! हिरवे, बोटाएवढे, अंगावर पांढरी मेणचट भुकटी. फांदीचा शेंडा पार बोडका झालेला. काकी फवारणीचा पंप काढून बसल्या होत्या. पुष्कळ बोलणं झालं. शेवटी म्हणाल्या, विहिरीकडचं झाड त्यांना राहू दे, बाकीच्यांवरचे तू उचलून तिथे सोड. संध्याकाळपर्यंत पानांसकट सगळे हलवले.