पोट्टा वाया गेला

वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या चौरस्त्यावर हैदराबादची वाट हिंगणघाटकडे निघते आणि चंद्रपूरची वरोऱ्याकडे वळते. अशा नाक्यावरच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून खर्रा घोटत असतात. घोटणाऱ्या हातांना कधीकधी मिसरूडही न फुटलेला चेहरा असतो. शाळा का सोडली, असं विचारा, उत्तर ठरलेलं, "पोट्टा वाया गेला जी." कशानं गेला, हे पुढं कोणी विचारत नाही.

त्याच वयाची पोरगी अबोल झाली, जेवण टाकलं, प्रार्थनेच्या रांगेत दातखीळ बसून पडली, तर घरचे निदान धावाधाव तरी करतात. आधी उतारा, मग जमलं तर सेवाग्रामची ओपीडी. पण ती धावाधाव तिच्या दातखिळीसाठी. घरातल्याच कोणी अंगाला हात लावला हे तिनं सांगितलंच, तर आधी तिच्या तोंडावर हात येतो, मग शाळा सुटते आणि स्थळं बघायला लागतात.

लहानपणी मार, अत्याचार, उठताबसता पाणउतारा सोसलेल्या मुलींत पुढं उदासी, धास्ती, स्वतःला इजा करणं जास्त आढळतं. मुलांत संताप, मारामाऱ्या, व्यसन. मानसशास्त्र हा कल सांगतं, आणि त्याला अपवाद भरपूर आहेत. आतल्या आत कुढणारे पोट्टेही असतात, भांडी फेकणाऱ्या पोरीही. मला तर वाटतं, यातलं बरंचसं आपणच शिकवतो. "बायकांवाणी रडतो काय" हे ऐकत वाढलेल्या पोराला रडणं बंद, राग मात्र मोकळा. बाप पिऊन येतो आणि पट्टा काढतो. (जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणून दारू नाही, असं समजणाऱ्यानं इथं एक रात्र मुक्काम करावा.) पोरगं एका वर्षी तो पट्टा खातं, काही वर्षांनी धाकट्यावर उगारतं. तेव्हा सगळे म्हणतात, बापावर गेला.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलामुलींची पाहणी छापली. महाराष्ट्र त्यात होता. कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाची गोष्ट 53.22 टक्के मुलामुलींनी सांगितली आणि त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. हा आकडा कितीदा छापून आला, तरी पारावरच्या गप्पांत शिरलेला नाही. कायद्यानं तेवढं ऐकलं. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं 'बालक' म्हणताना मुलगा-मुलगी असा भेद ठेवला नाही. त्याआधी लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाच्या वाट्याला मुख्यतः भारतीय दंड संहितेचं कलम 377 होतं.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयानं आसपासच्या खेड्यांत मुलींसाठी किशोरी पंचायती बसवल्या, ते चांगलंच झालं. दवाखान्यातही मुलगी "डोकं दुखते" एवढं तरी सांगते. शहाणा डॉक्टर तिथून धागा पकडतो. पण पोराला न्यायचं तर केसपेपरवर तक्रार काय लिहायची, इथंच घरचे अडतात. राग येतो, ही तक्रार घेऊन कोणी रांगेत उभं राहत नाही. हात मोडून घेतला, तर तेवढं प्लास्टर होतं.