नकाशात फवारणारा माणूस कुठाय?

परवा एका कृषी केंद्रात चहा घेत बसलो होतो. कंपनीचा तरुण प्रतिनिधी आला, काउंटरवर टॅब ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचा तालुका बघा."

उपग्रहाच्या चित्रावरून तयार केलेला नकाशा. कपाशी दाट तिथे गडद हिरवा रंग. मागच्या वर्षी बोंडअळी जास्त होती ती गावं लाल. निळे ठिपके म्हणजे दुकानं. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या दुकानात कोणतं औषध किती शिल्लक आहे ते दिसतं.

खरं सांगतो, थक्क झालो. याचा फायदा आहेच. एका गावात मालाची मुदत संपते आणि शेजारच्या गावात ऐन वेळी हवं ते औषध मिळत नाही. मग दुकानात असेल ते शेतकऱ्याच्या माथी मारलं जातं. असा नकाशा नीट वापरला तर हे कमी होईल.

पण मी यवतमाळ जिल्ह्यातला बातमीदार. २०१७ विसरता येत नाही. त्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, फवारा सरळ तोंडावर यायचा. मी वही घेऊन वॉर्डात फिरलो. प्रत्येकाचं नाव, वय, गाव लिहिलं. पण ती गावं एका कागदावर मांडून बघावीत, हे मलाही सुचलं नाही. ती चूक माझी.

म्हणून त्या पोराला विचारलं, "फवारताना मजुराला चक्कर आली, उलट्या झाल्या, अशी गावं यात दिसतात का?"

"तो डेटा आमच्याकडे नसतो, भाऊ."

खोटं बोलत नव्हता. ती नोंद असते आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये. कीड कुठे वाढली हे कृषी खात्याला 'क्रॉपसॅप'मधून कळतं. कुठल्या गटात काय पेरलं हे २०२१ पासून 'ई-पीक पाहणी'त येतं. माहिती सगळी आहे, फक्त प्रत्येकाच्या वेगळ्या कपाटात.

माझं म्हणणं एवढंच. फवारणीच्या दिवसांत दर आठवड्याला विषबाधेचे रुग्ण याच नकाशावर घ्या. नाव नको, गाव आणि औषध पुरे. एका गावात दोन-तीन रुग्ण दिसले की तिथे दवंडी द्या, फवारणी थांबवा, ते औषध कोणत्या दुकानातून गेलं ते तपासा. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या विषावर चालणारं अ‍ॅट्रोपिन जवळच्या केंद्रात आहे ना, तेही बघा.

बाटली कोणत्या गावात पोचली हे दिसतं. ती पाठीवर घेऊन तासात उतरलेला माणूस संध्याकाळी घरी पोचला का, हेही दिसलं पाहिजे.

येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. मी वही घेऊन येतो.