आधी पाय, मग चाचणी

१४ जानेवारी २०२५, मंगळवार
आज संक्रांत. होम मैदानावर गड्डा यात्रेची गर्दी, तरी मुली सकाळी सहाला खो-खोच्या सरावाला हजर. खो मिळताच नववीतली आमची सर्वांत वेगवान मुलगी उठली आणि तिसऱ्या ढांगेला उजवी मांडी मागून धरून खाली बसली. "मॅडम, आत तटकन झालं." चाचपलं तर मांडीच्या मागे, बाहेरच्या बाजूला एकाच ठिकाणी ती कळवळली. बर्फ लावला, पट्टी बांधली. तिच्या आजी गरम तेलाची वाटी घेऊन आल्या. "आजी, आज चोळू नका," म्हणून हात जोडले.

१५ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, हॅमस्ट्रिंगचे काही तंतू फाटलेत. बैठकीच्या हाडापासून गुडघ्याखाली जाणारे हे तीन स्नायू. पळताना पुढे झेपावलेली नडगी पाऊल टेकायच्या आत आवरायची ती त्यांनीच. तेव्हा ते ताणलेलेही असतात आणि जोरही लावत असतात. फाटतात ते तिथेच. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्येही ही दुखापत नेहमीची, विशेषतः फलंदाज पहिल्या बेसकडे सुटतो तेव्हा. उभ्या जागेवरून एकदम २७.४३ मीटर! आमचं मैदान २७ मीटर लांब, आणि आमच्या मुली तर उकिडव्या बसलेल्या असतात.

१७ जानेवारी
तिचे वडील भेटले. "मॅडम, महिनाअखेरीस निवड चाचणी. पट्टी बांधून पळेल की." त्यांचं मन कळतं. तिकडे अमेरिकेत बेसबॉल खेळाडूचं नाव जखमींच्या यादीत गेलं की निदान १० दिवस विश्रांती, पगार चालू, हंगाम १६२ सामन्यांचा. २००४ मध्ये तिथल्याच केन ग्रिफी ज्युनियर या खेळाडूचा हाच स्नायू हाडापासून सुटला. शस्त्रक्रियेनंतर पुढच्या हंगामात त्याने ३५ होमरन मारले. त्याला थांबू दिलं म्हणून. इथे एका सकाळच्या चाचणीवर वर्ष ठरतं, मग मुली दुखणं लपवतात. दुखायचं थांबलं की पळतात, आणि तोच स्नायू पुन्हा जातो.

१९ जानेवारी, रविवार
खो-खोचा पहिला विश्वचषक आपला! दिल्लीत दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवलं, महिलांनी तर ७८-४०. पुरुष संघात आपल्या वेळापूरचा रामजी कश्यप. आमच्या मुलींनी मोबाईलभोवती बसून नुसता दंगा केला. दुखावलेल्या मुलीने विचारलं, "मी कधी पळू?" म्हटलं, आधी न लंगडता चाल, मग दुडकी, शेवटी खो.

२२ जानेवारी
आजपासून सगळ्यांना याच स्नायूंसाठी नवा व्यायाम. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारणीने घोटे दाबून धरायचे, मग पाठ ताठ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. ताणातच ताकद येते. दोघी धपकन पडल्या, पुन्हा उठल्या.

दुपारी निवड समितीला अर्ज दिला: डॉक्टरांचा दाखला असलेल्या मुलींची चाचणी नंतर वेगळी घ्यावी. खाली त्या मुलीच्या वडिलांचीही सही आहे.