शिकणारीची सोबत

दोन वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या जाऊबाईंनीं ऑनलाइन एम. ए.ला नांव घातलें, तेव्हां घरांत सर्वांनाच आनंद झाला. लग्नामुळें थांबलेलें शिक्षण आतां घर न सोडतां पुरें होणार होतें. सासूबाईंनीं माडीवरची खोली मोकळी करून दिली, मामंजींनीं संगणक आणविला. अभ्यासाला याहून अधिक काय लागतें, अशीच आमची समजूत होती.

महिन्याभरांत जाऊबाईंचा चेहरा उतरला. एके रात्रीं ओटा आवरतांना त्या म्हणाल्या, "वहिनी, मी नांव काढून घेतें. हें माझ्यानें व्हायचें नाहीं."

"विषय फार अवघड आहेत का?"

"विषयांपर्यंत पोंचलेंच कुठें? स्वाध्याय पाठवायचा कसा, तेंच उमगत नाहीं. व्याख्यानें सांचत चाललीं. कार्यालयाला विचारलें, तर माहितीपत्रक पाहा म्हणतात. बरोबरचीं मुलें लहान. त्यांना विचारलें तर हंसतील."

मीं मोठेपणानें सांगितलें, "नेमानें बसलें कीं सारें येतें."

तें बोलणें किती कोरडें होतें, हें मला मागाहून कळलें. मी कॉलेजांत होतें, तेव्हां असल्या बारीकसारीक शंका व्हरांड्यांत उभ्याउभ्याच फिटत. शेजारच्या बाकावरील मुलीला "तारीख कोणती ग?" असें विचारायला धैर्य लागत नसे. घरीं बसून शिकणारीला पुस्तकें मिळतात, व्याख्यानें मिळतात. तो व्हरांडा मात्र मिळत नाहीं.

त्याच आठवड्यांत एका बाईंचा फोन आला. त्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनी. नवागतांना सोबत म्हणून जुन्या विद्यार्थ्यांतून कांहीं जण नेमले होते, त्यांपैकीं त्या एक. त्यांचा पहिला प्रश्न असा : "तुमच्या घरांत तुम्हांला निवांत वेळ केव्हां मिळतो?" जाऊबाईंनीं उत्तर दिलें, "पहाटे चार ते साडेपांच." तें ऐकून मी खजील झालें. आम्हीं खोली दिली होती. पण दिवसांतून दहा वेळां त्यांना खालीं हांक मारीत होतों!

मग त्या बाईंनीं हिशेब मांडून दिला. चार श्रेयांकांच्या एका विषयाला १२० तासांचा अभ्यास धरतात. सोळा आठवड्यांत वांटला तर आठवड्याला साडेसात तास. आपला पहिला स्वाध्याय उलट्या पानांनीं गेला होता, हेंहि त्यांनीं हंसत सांगितलें, आणि एक कोरें पान चाचणीदाखल चढवून घेतलें. उत्तरें मात्र सांगितलीं नाहींत. "विषयांतली शंका प्राध्यापकांना विचारा, निकालाची कार्यालयाला. मी केवळ वाटेवरची."

ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. पंतोजींच्या शाळेंत थोरलीं मुलें धाकट्यांकडून धूळपाटीवर अक्षरें गिरवून घेत. मद्रासेंतील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनीं देशी शाळेंतील मुलांना वाळूंत लिहितांना पाहिलें. पुढें मुलांनींच मुलांना शिकविण्याचा क्रम त्यांनीं आपल्या शाळेंत घातला व १७९७ सालीं लंडनमध्यें त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. विलायतेच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी १९७१ सालीं शिकूं लागले. नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं निघालें. विद्या घरापर्यंत आली खरी. पण शाळेंत आपोआप मिळणारी सोबत येथें मुद्दाम उभी करावी लागते. ती पंडितानेंच द्यावी असें नाहीं. नुकतीच ठेंच लागलेल्या माणसाला दगड कुठें आहे, तें अधिक चांगलें ठाऊक असतें.

जाऊबाई पहिलें वर्ष उत्तीर्ण झाल्या, आणि दुसऱ्या वर्षीं त्यांनीं स्वतःच हें काम मागून घेतलें. परवां चहा घेऊन माडीवर गेलें, तों दाराआडून त्यांचा आवाज आला : "तुमच्या घरांत तुम्हांला निवांत वेळ केव्हां मिळतो?"

मी जिन्यांतच थबकलें. हा प्रश्न पहिल्या दिवशीं मींच विचारावयास हवा होता. चहाचा पेला दाराशीं ठेवला आणि हांक न मारतां खालीं आलें.